दोन वेळ पांढरा भात

मी रत्नागिरीत डॉक्टर पद्मजाबाईंकडे कंपाउंडर होतो तेव्हाची, शहाऐंशी सालची गोष्ट. महिपत माझ्याच गावचा, राजापूरकडचा. त्याचा मुलगा बाबू मुंबईला गोदीत कायम झाला आणि महिपतनं घरातल्या नाचणीला रजा दिली. हातसडीचा लालसर तांदूळही बंद. भात गिरणीवर जाऊ लागलं आणि दोनदा पॉलिश होऊन यायला लागलं. कोंडा म्हशीला. म्हशीची तब्येत उत्तम होती.

महिपतची नव्हती. चार-चार दिवस पोट साफ होईना, मग रक्त पडू लागलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथं तर वैद्य बाई होती. वर्षभर त्यानं दुखणं अंगावर काढलं. शेवटी त्याची बायको चिमा त्याला एस्टीत बसवून घेऊन आली. ऑपरेशनचं नाव काढलं की तो दाराकडे बघे. त्याचा थोरला भाऊ ऑपरेशनला गेला तो परत आला नव्हता.

बाईंनी तपासलं आणि विचारलं, "जेवता काय?"

महिपत तशातही ताठ बसला. "दोन येळ पांडरा भात, बाय. वर मासली. आमी काय गरीब नाय."

"आणि तुम्ही?" बाईंनी चिमाला विचारलं.

चिमानं आधी नवऱ्याकडे बघितलं. "माजं काय? परसात मूठभर नाचनी पेरते. ह्यांचं जेवान झालं की भाकरी नि पाल्याची भाजी खाते. भात पावन्यांना लागतो."

"पोट साफ होतं?"

"रोज. त्याला काय झालंय?"

महिपतचं तोंड कडू झालं. बायकोनं घरची अब्रू वेशीवर टांगली, असं त्याला वाटलं असणार.

बाई म्हणाल्या, "धान्यातला चोथा तुम्ही म्हशीला घालता, महिपतराव. पोट साफ व्हायला तोच लागतो. महिनाभर या खातात ते खा, पाणी भरपूर प्या. तरी रक्त थांबलं नाही तर ऑपरेशन."

तो शब्द ऐकल्यावर महिपत अब्रू विसरला.

महिन्यानं दोघं परत आली. रक्त थांबलं होतं. ऑपरेशन नको, असं बाईंनी सांगितलं तेव्हा हा एवढा अकडू माणूस रडला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"भाकरी रोज मिळते ना?" बाईंनी विचारलं.

"मिलते तर! नाचनी एकापुरतीच व्हती. ती सगली हिनं मला घातली."

"आणखी विकत नाही आणलीत?"

"राजापूरच्या बाजारात नाचनी मागू? लोक काय म्हनतील, बाय?"

"मग या काय खातात?"

महिपत पुन्हा ताठ बसला. "हिला आता पांडरा भात. दोन येळ. म्हटलं, इतकी वर्सं हिच्या वाट्याला आला नाय, आता तरी खाऊ दे."

तो हे मनापासून बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चिमा पदराखाली पोट धरून बसली होती. बाईंनी महिपतचा कागद बाजूला सारला, कोरा कागद पुढं घेतला आणि तिला विचारलं, "किती दिवस झाले?"

"पाच," चिमा म्हणाली. या वेळी तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही.