माझ्या पोटातला चोर

मी एक जुनं लाकडी पिंप आहे. मित्रांनो, गोष्ट सांगतो, पण बुचाला हात लावायचा नाही. जो तो आधी 'नुसतं बघतो' म्हणतो आणि मग बोट घालतो.

पिंपं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला ओकच्या एकतीस फळ्यांतून घडवलं. खिळा नाही, डिंक नाही. फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या आणि लोखंडी कड्यांनी आवळल्या. तेव्हापासून मी या तळघरात डाव्या भिंतीशी आहे. मळ्याचे मालक, म्हणजे बाबा, चाळीस वर्षं माझ्यात द्राक्षांची वाइन मुरवत आले. वाइन काढली की ते मला पाण्याने भरायचे आणि पाणी नासू नये म्हणून गंधकाची पूड टाकायचे. वासाने डोकं उठायचं, पण अंग ओलं राहायचं. पाहुणे आले की बाबा माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हा माझा भरवशाचा गडी!"

मग मळा थोरल्या लेकीच्या हातात आला. तिचं सगळंच निराळं. गाईच्या शिंगात शेण भरून ती ते मळ्यात पुरायची, चंद्र बघून छाटणी करायची. मला वाटलं, ही बाई करणी करते की काय! बाहेरचं खमीर नको, द्राक्षाच्या सालीवर असतं तेवढ्यानेच रस आंबेल, म्हणे. गंधक तर तिने हद्दपारच केलं. गंधक नाही म्हणून पाणीही नाही. मला धुऊन, पुसून आठ महिने कोरडं ठेवलं.

तिची पहिली वाइन माझ्यात भरली तेव्हा बाबांनी बजावलं, "ही बिघडली, तर पुढच्या साली माझी पूड परत. आणि या पिंपाच्या कुंड्या करायच्या." कुंड्या! मला धडकीच भरली.

दोन आठवड्यांत वाइन चार बोटं उतरली. वर हवा साचली की वाइन आंबट होऊन तिचा सिरका होतो. कोण पितंय? मी सगळ्यांवर पाळत ठेवली. बाटल्या धुणारी मावशी इथे एवढी का रेंगाळते? बाबा नेमके माझ्याच बुचाशी का टेकतात? मांजरालाही मी सोडलं नाही. त्यात लेक रोज सकाळी किटली घेऊन यायची, इकडेतिकडे बघायची आणि माझ्यात काहीतरी ओतायची. पाणी घालते, दुसरं काय! माझी खात्रीच पटली.

एके सकाळी बाबांनी तिला गाठलं.

"काय ओततेस गं?"

ती दचकली. "वाइनच आहे, बाबा. छोट्या पिंपातली. यातली रोज उतरतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पूड घेऊन आला असता. शिवाय मला वाटलं, तुम्हीच पिताय."

"मी? आणि मी बिचाऱ्या मावशीवर संशय घेत बसलो!"

बाबा गुडघे धरत वाकले. माझ्या पोटाखालून बोट फिरवून त्यांनी ते चाटलं. "हा बघ चोर. कोरडं राहून फळ्या आक्रसल्यात. थेंब थेंब झिरपतंय आणि खालची माती गुपचूप पितेय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या घरावर संशय घेतला आणि चोर मीच!

लेक रडवेली झाली. बाबा हळूच म्हणाले, "चूक माझीही आहे. पाणी कशासाठी भरायचं ते तुला कधी सांगितलंच नाही. वाटलं, तू ऐकणारच नाहीस."

दोघांनी मिळून माझ्या कड्या ठोकून आवळल्या, फटीत मेण भरलं. वसंतात बूच निघालं. बाबांनी घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला. लेकीने तो काठोकाठ भरला.

आता मी रिकामा असलो की बाबा स्वतः बादल्या आणून मला भरतात, आणि दर तीन दिवसांनी लेक ते पाणी बदलते. पूड नाही.

मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूचीही विचारपूस करत जा. आणि घरातलं काही कमी होऊ लागलं, तर दुसऱ्याकडे बघण्याआधी स्वतःच्या पोटाखालून एकदा बोट फिरवा. मी हे शिकलो खरा, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तो हात मागे का लपवलाय? दाखवा बघू.