बाहेर बसलेली सून

ती ओळ कुंदाबाई लिहिणारच नव्हती. पेन केसपेपरवर टेकवून ती तशीच उभी होती. वर डॉक्टरांनी 'मुतखडा' लिहून टाकलेलं. त्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या अक्षराखाली नर्सने काही लिहायची पद्धत नव्हती.

टेबलावर मंदा उजवी कूस दाबून कळवळत होती. ओठ पांढरेफटक.

पाळी चुकली का, हे डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं. उत्तर दिलं सासूने.

"छे! गया आठवडाले बाहेर बशेल व्हती. मी सोता तिनं ताट दूर ठेवं."

मंजुळाबाईची मान ताठ. तिच्या घरचं सोवळं अख्ख्या गल्लीत नावाजलेलं. कुंदाबाईची ती जुनी मैत्रीण.

"मग खडाच. इंजेक्शन द्या, घरी पाठवा," म्हणत डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते.

कुंदाबाईने मैत्रिणीला चहा सांगायला बाहेर पिटाळलं आणि वाकून विचारलं,

"खरी बसली होतीस, का खोटी?"

मंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कूस दुखे, अक्का. पानी शेंदता ये नही. बसनं म्हंजे तीन दिन कोनी हाक मारत नही."

"मग खरी पाळी कधी?"

"दसऱ्याले. दिवाळी गयी, उनीच नही. आत्याबाईले सांगू नका."

"सांगत नाही. पण लिहिते."

आणि तिने लिहिलं. शेवटची पाळी दसऱ्याला. नाडी एकशेवीस. उठताना चक्कर.

"सिस्टर, हे तुम्ही लिहिलं?" डॉक्टर तडकले.

"हो साहेब. खाली सही पण केलीय."

डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासलं. या वेळी सावकाश. मग जीपच्या ड्रायव्हरला जोरात हाक मारली.

धुळ्याला सिव्हिलमध्ये नळीतला गर्भ फुटलेला निघाला. ऑपरेशन झालं, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, मंदा वाचली. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर बोट ठेवून पाळीची ओळ मंजुळाबाईसमोरच मोठ्याने वाचली आणि विचारलं, हे कुणी लिहिलं? जीपमधून सोबत आलेल्या कुंदाबाईने पूर्ण नाव सांगितलं. सातवी पास आहे, हेही सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मंजुळाबाई तिच्याजवळ सरकली.

"ती खोटी बसनी, हाई तुले कसं समजनं, कुंदे?"

कुंदाबाईने पदराने चष्मा पुसला.

"एकाच वर्षी आपण त्या गल्लीत सुना होऊन आलो. दळण जास्त असलं की तू काय करायचीस? मला कुणी शिकवलं?"

मंजुळाबाईने दारातून आत पाहिलं. मंदा झोपली होती. सासूने आवाज खाली आणला.

"तिले सांगू नको."

"नाही सांगत," कुंदाबाई म्हणाली. "तुझी शपथ."