हिरव्या पानांची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना हातफवारा आहे. इतर फवारे रोग घालवतात, मी रोग लावतो! दचकू नका, तेच माझं काम आहे.

कारखान्यातून आलो तो थेट या काचघरात. इथल्या संशोधक बाई रानगवतातला जनुक गव्हात घालतात, तांबेरा नावाच्या बुरशीला दाद न देणारा गहू व्हावा म्हणून. तो टिकतो का, हे बघायला तांबेऱ्याची पूड पाण्यात कालवून माझ्यातून रोपांवर मारायची. शेजारी साध्या गव्हाची रांग हवीच. ती आजारी पडली, तरच नव्या गव्हाच्या हिरव्या पानांना अर्थ. नऊ वर्षं दोन्ही गहू तांबडे पडत राहिले आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत राहिल्या. माझं मात्र कौतुक व्हायचं, "फवारा असावा तर असा!"

कौतुक चालू राहिलं, पण मला धुणं थांबलं. पूड माझ्या गाळणीत वाळून बसली. यंदा बाईंनी चाप ओढला आणि माझ्यातून नुसतं पाणी गेलं. त्यात जागा नाही म्हणून साधी रांगही लावलेली नव्हती.

चौदा दिवसांनी नव्या गव्हाच्या बाराही कुंड्या हिरव्यागार! बाईंना रडू फुटलं. सोमवारी बियाणं शेतावरच्या चाचणीला जाणार होतं. मी नुसता तळमळत होतो. अहो बाई, फसताय तुम्ही! पण माझं ऐकतो कोण?

"बाई, साधी रांग कुठंय?" काचघरातल्या माळीकाकांनी विचारलं.

"या वेळी नाही लावली, काका. ती कधी वाचलीय का?"

"मग रोग लागला होता, हे कशावरून?"

काकांनी माझं तोंड उघडून गाळणी नखानं खरवडली. तांबडी ढेप बाईंच्या तळहातावर पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बियाणं थांबवलं. मला धुतलं, नवी रोपं लावली, साधी रांगही लावली. या वेळी रांग तांबडी झाली आणि नव्या गव्हाच्या अकरा कुंड्याही. एकच हिरवी राहिली.

बाई हसल्या नाहीत. "काका, हिच्यावर उद्या परत मारू," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, त्या कुंडीला काही होऊ नये म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. तरीही हात जोडून सांगतो, मला आज नीट धुवा. उद्या मला रोग लावण्यात जराही कसर ठेवायची नाही.