पट्टी बांधलेली बाई

लेक ऑफिसला गेली तेव्हापासून मी जागची हललेली नाही. गॅसवरचा चहा आटून भांडं करपलं, तरी मी आपली पडवीतच बसलेय. माझ्याच तोंडाने मी बोलून गेले, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

माझी लेक दिशा रोज ऑफिसला जायच्या आधी पडवीत बसते. टॅरो म्हणून भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते असतात, त्यातलं एक पान काढते, चित्राकडे बघते आणि वहीत काहीतरी लिहिते. कधी पानाऐवजी बटव्यातला एखादा गोटा काढते. जयगडच्या किनाऱ्यावरचे गोटे वेचून तिने त्यांवर कसल्या परदेशी खुणा रंगवल्यात, रून्स म्हणते त्यांना. दोन वर्षं हेच चाललंय. भविष्य नाही गो आई, आपल्याच मनाला विचारायचं, असं सांगायची. मनाला विचारायला हे मेले पत्ते कशाला लागतात, मी म्हणायची. पण खरं सांगते, मी त्या पानांना भ्यायची. आमच्याकडे विचारलं की उत्तर येतं. गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या कौलापुढे कोणी जात नाही. ही पानंसुद्धा एक दिवस माझं बिंग फोडणार, असंच मनात यायचं.

दोन वर्षांपूर्वी दिशाची जहाजावरच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली होती. तिचा बाप जहाजावरच होता. तो गेला तोही तिकडेच, घरी आली ती नुसती त्याची पेटी. मी म्हटलं, देवीला विचारते. देवळात गुरव काशीराम आणि मी, दोघंच होतो. घरी येऊन सांगितलं, कौल डावा पडला. दिशा गेली नाही. इथेच बंदरातल्या ऑफिसात लागली, दुसऱ्यांच्या जहाजांचे कागद तपासायला.

आज मला काय अवदसा आठवली देव जाणे. म्हटलं, माझंही पान काढ, बघू तुझे पत्ते काय दिवे लावतात. तूच काढ, म्हणाली. काढलं. डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, दोन्ही हातांत तलवारी, पाठीमागे समुद्र. मी अर्थ विचारला, तर म्हणते, अर्थ सोड, तुला काय दिसतं ते सांग.

"हिला सगळं दिसतंय," मी म्हटलं. "पट्टी हिने स्वतःच बांधलीय. समुद्राकडे बघायला नको म्हणून." आणि पुढचं कसं निसटलं ते कळलंच नाही. "कौल उजवा पडला होता गो."

वाटलं, आता ही रडेल, ओरडेल. तिने शांतपणे पान उचलून गठ्ठ्यात ठेवलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी काशीरामकाका भेटले होते. देवीने उजवा दिला, कधी निघतेस, असं विचारत होते."

दोन वर्षं मी लपवतेय आणि दोन वर्षं हिला ठाऊक! मग गेली का नाहीस, असं कसंबसं विचारलं.

"बाबा निघाले की तू त्यांच्या हातात नारळ द्यायचीस. मलाही तुझ्या हातचा नारळ हवा होता. तुला खोटं पाडून नव्हतं जायचं."

देते, आत्ता देते, म्हणत मी उठले. घरात धावले, नारळ घेऊन आले. ती चप्पल घालत होती. तिने हात पुढे केला नाही.

"वयाची अट होती, आई. जूनमध्ये संपली." एवढं म्हणाली आणि ऑफिसला गेली.

वही इथेच राहिली. मी ती कधी उघडली नव्हती, आज उघडली. रोजची तारीख, त्या दिवसाचं पान नाहीतर गोटा, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. पण सगळ्यात वर प्रश्न रोज एकच. आई आज सांगेल का?

जूनपर्यंत तोच. त्यानंतर प्रश्न बदललाय. आईला मी माफ करू शकेन का? आजच्या तारखेलाही तोच आहे, आणि त्याच्याखाली काहीच लिहिलेलं नाही. नारळ अजून माझ्या मांडीवर आहे.