तिसरा मजला, लिफ्ट नाही

सिल्वानोने चष्मा कपाळावर चढवला, टॅब नाकाजवळ धरला आणि आणखी एका फ्लॅटचं वर्णन मोठ्याने वाचायला घेतलं.

"दोघांसाठी. लिफ्ट आहे. बाल्कनी आहे. समुद्र पाच मिनिटांवर."

"हेलिकॉप्टरने," नुन्झिया म्हणाली. ती नळाखाली आर्टिचोकची बोंडं साफ करत होती आणि त्याच्याकडे तिची पाठ होती. "ती गल्ली मला ठाऊक आहे. तिथून समुद्र बघायचा तर गच्चीवर शिडी लावायची आणि शिडीवर चढून टाचा उंचवायच्या. पुढचा."

"हा स्टेशनजवळ आहे. मालक लिहितो, शांत परिसर."

"त्या घराच्या खाली रात्री मासळीचे ट्रक लागतात. मालक बहिरा असेल. पुढचा."

सिल्वानोने निमूटपणे पुढचा काढला. टोरिनोच्या रस्त्यांवर त्याने आयुष्यभर ट्राम चालवली होती आणि हिवाळा सरता सरता तो निवृत्त झाला होता. इतकी वर्षं पायाखाली ब्रेक दाबून गुडघ्यांनी संप पुकारलेला, तेव्हा त्याची पहिली अट लिफ्ट. दुसरी अट, भाडं पेन्शनीत बसलं पाहिजे. तिसरी, घरात चूल हवी, कारण दुसऱ्याच्या हातची सकाळची कॉफी त्याच्या घशाखाली उतरत नसे. निवृत्तीनंतर कुठेतरी चार दिवस जाऊ, हे दोघांचं ठरलं होतं. नापोली, म्हणजे तिच्या माहेरचं नाव, त्याने काढलं. नुन्झिया त्यावर "बघू" एवढंच म्हणाली होती, आणि तिचं "बघू" म्हणजे नाही हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. यावेळी मात्र त्याने ते कळलं नसल्यासारखं केलं.

"आणखी एक आहे, पण तो सोडच," तो म्हणाला.

"का?"

"तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना अंधारा. घर म्हणजे एकच खोली, आणि अंघोळ स्वयंपाकघरात, पडद्याआड. सानिताच्या जुन्या वस्तीत आहे. फक्त स्वस्त आहे, बाकी काही नाही."

"सानितात कुठे?"

"मला काय ठाऊक. तूच बघ."

तिने हात पुसले आणि टॅब घेतला. पलंगावर टॉवेलांचे दुमडून केलेले हंस होते. भिंतीवर तांब्याची कढई लटकवलेली होती, जिच्यात आजवर कोणी काही शिजवलं नसावं. शेवटचा फोटो बाल्कनीतून काढलेला होता. हात लांबवला तर पोचेल इतकं जवळ समोरचं घर, हिरव्या लाकडी झडपा, त्यातली एक पट्टी तुटलेली, आणि कठड्यावर रंगाच्या निळ्या डब्यात लावलेली तुळस. दोन्ही बाल्कन्यांच्या मधोमध, गल्लीच्या वर, कपडे वाळत घालायची दोरी.

नुन्झिया फोटोकडे बघत राहिली. मागे नळ तसाच वाहत होता. थेंबभर पाणी वाया गेलं तर घर डोक्यावर घेणारी बाई ती.

"हा घे," ती म्हणाली.

"माझे गुडघे?"

"सावकाश चढ. स्वस्त आहे ना?"

"स्वस्त तर आहे," सिल्वानो म्हणाला आणि त्याने लगेच पैसे भरून टाकले. एक कलिंगड घ्यायचं तर बाजारात अर्धा तास ठोकून बघणारा माणूस, पण नुन्झियाला त्या क्षणी त्याचं नवल वाटलं नाही.

लग्न होऊन टोरिनोला आल्यापासून तिला नापोलीत कधी भाड्याचं घर बघावं लागलं नव्हतं. ती सरळ त्या हिरव्या झडपांच्या घरी जायची. तिथे आई होती आणि थोरली बहीण अस्सुंता होती, जिने लग्न केलं नाही आणि आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गेली त्या दिवशी, दफनानंतर सगळे जेवायला बसले असताना, नुन्झिया म्हणाली, "डॉक्टरला दोन दिवस आधी बोलावलं असतंस तर." वाक्य तेवढंच.  अस्सुंताने उठून ताटं गोळा केली, अर्धी भरलेलीसुद्धा. त्यानंतर नुन्झियाचा फोन तिने कधी उचलला नाही, आणि ईस्टरला पाठवलेलं केकचं पार्सल न उघडता परत आलं. या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती.

गेल्या नाताळात एका मामेबहिणीने फोनवर सांगितलं, की अस्सुंता जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता ती खाली उतरतच नाही. नुन्झियाने फक्त विचारलं, "मग भाजी कोण आणतं?" बाल्कनीतून दोरीने टोपली सोडते, असं उत्तर आलं. फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ तोच एक ओटा पुसत बसली होती. म्हणजे आता चर्चच्या दारात, बाजारात, अचानक समोरासमोर यायची सोय राहिली नव्हती. दार वाजवावं तर ती उघडणार नाही. पण कपडे वाळत घालायला तिला बाल्कनीत यावंच लागणार, आणि बहिणीशी बोलायचं तर आता एवढीच एक जागा उरली होती.

एप्रिलमध्ये ते पोचले. सिल्वानो प्रत्येक मजल्यावर थांबला आणि प्रत्येक मजल्यावर त्याने वेगळ्या संताला हाक मारली. वर घराचा तरुण मालक चावी घेऊन उभा होता. खिडकी उघडत तो म्हणाला, "इथे तुम्हाला खरी नापोली बघायला मिळेल."

"हो का?" नुन्झिया म्हणाली. "बघू."

या घरात पूर्वी चिरो नावाचा शिंपी राहायचा. त्याच्या बायकोने आणि नुन्झियाच्या आईने मिळून ती दोरी बांधली होती, इकडे एक कप्पी, तिकडे एक कप्पी. कोणीही ओढावी, कोणीही घालावं, आणि पाऊस आला तर जी घरात असेल तिने दोघींचं काढावं. आता इथे येणारे पाहुणे खोलीतल्या घडीच्या स्टँडवर टॉवेल सुकवायचे. कप्पीला गंज चढला होता.

समोरच्या झडपा मिटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून भाजीवाल्याची आरोळी आली, झडप एवढीशी उघडली आणि टोपली खाली गेली. दिसला तो फक्त हात. नुन्झिया पडद्याआड उभी होती. तो हात आईचाच वाटावा इतका म्हातारा झाला होता, आणि ते बघून तिला रडू आलं.

"बाहेर जायचं ना?" सिल्वानोने विचारलं.

"डोकं दुखतंय."

तिसऱ्या दिवशीही तिचं डोकं दुखत होतं. ती तीनदा बाल्कनीपर्यंत गेली आणि तीनदा परतली. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? आणि हाकेला ओ आली नाही, तर सगळ्या गल्लीसमोर आपण तोंडघशी पडणार. समोरच्या खिडक्यांतल्या बायकांनी तिला केव्हाच ओळखलं असणार, त्यातली एकही तसं दाखवत नव्हती.

"उद्या परत जायचं," सिल्वानो म्हणाला. "समुद्र बघितल्याशिवाय नापोलीहून परतणारा मी पहिलाच."

"मग जा की. मी तुझे पाय बांधलेत का?"

तो एकटाच गेला आणि दुपारी शर्टाच्या छातीवर टोमॅटोचा हा एवढा डाग घेऊन आला. तिने शर्ट जवळजवळ ओरबाडूनच काढून घेतला आणि पडद्याआडच्या मोरीत चोळून चोळून धुतला. तीन दिवसांत पहिल्यांदाच हाताला काम मिळालं होतं.

"चिमटे कुठे असतील इथे? हंस करून ठेवतात मेले, पण दोन चिमटे ठेवत नाहीत."

"माझ्या बॅगेत बघ," सिल्वानो म्हणाला.

बॅगेत, त्याच्या मोज्यांखाली, त्यांच्या टोरिनोच्या बाल्कनीतले लाकडी चिमटे होते. चांगले मूठभर. ती चिमट्यांकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"सुट्टीला येताना चिमटे कोण आणतं?"

"मी आणले," तो म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. ती नाडी सुटायला त्याला बराच वेळ लागला.

लिफ्टवाली इतकी घरं आधी दाखवून हे घर त्याने शेवटी का काढलं, ते तिला आता कळलं. ताकास तूर लागू दिली नव्हती लेकाने. तिला त्याच्या गुडघ्यांची दया आली. पण तसं बोलली असती तर तो लाजला असता, म्हणून ती ओला शर्ट घेऊन बाल्कनीत गेली.

शर्ट नेहमी उलटा टांगायचा, खालच्या काठाला चिमटे लावून, हा आईचा नियम. खांद्याला चिमटे लावले की तिथे शिंगं येतात. लहानपणी या एका चुकीसाठी नुन्झियाने मार खाल्ला होता आणि तो मार अस्सुंताने बघितला होता. अस्सुंताला वाकडी चौकट चालायची, अळणी जेवण चालायचं, पण खांद्याला टांगलेला शर्ट दिसला की ती दुसऱ्याच्या बाल्कनीत जाऊन तो उलटा करून यायची.

नुन्झियाने शर्ट सुलटा धरला आणि दोन्ही खांद्यांना नीट, बघून, एकेक चिमटा लावला. मग दोरी ओढली. कप्पी अशी किंचाळली की खालच्या भाजीवाल्याने वर बघितलं. शर्ट थबकत थबकत गल्लीच्या मध्यावर गेला आणि दोन्ही हात लोंबकळत उभा राहिला.

ती आत आली आणि बाल्कनीकडे पाठ करून पलंगावर बसली.  सिल्वानोने कॉफीचं भांडंसुद्धा चुलीवर ठेवलं नाही.

खूप वेळाने समोरची झडप वाजली. मग काठीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आणि मग कप्पी किंचाळली. नुन्झियाने पलंगावरची चादर मुठीत धरली. पुन्हा एकदा कप्पी वाजली, आता उलट्या बाजूने.

"खांद्याला चिमटे!" बाहेरून आवाज आला. "आईने बघितलं असतं म्हणजे!"

नुन्झिया उठून बाहेर गेली. शर्ट मध्यावर परत आला होता, आता उलटा, काठाला चिमटे लावलेला. पलीकडे अस्सुंता काठीवर भार देऊन उभी होती. केस पांढरेशुभ्र झाले होते. ती नुन्झियाकडे नाही, शर्टाकडे बघत होती.

"नवऱ्याला जेवायला घालतेस की नाही? शर्ट बघ, पोराचा वाटतो."

"टोरिनोत राहतो तो. तिथे काय मिळणार खायला."

अस्सुंताच्या ओठांचा कोपरा हलला.

"अस्सुंता," नुन्झिया म्हणाली, "मी त्या दिवशी जे..."

"इथे नको. अख्खी गल्ली कान देऊन बसलीय." ती वळली, आत गेली, आणि पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती. "मी जिना उतरत नाही. खालच्या दाराची चावी यात आहे."

नुन्झिया खोलीत आली आणि चपला शोधू लागली. त्या तिच्या पायातच होत्या.

"जा," सिल्वानो म्हणाला. "शर्टाकडे मी बघतो."

ती खाली पोचली तेव्हा टोपली छातीइतक्या उंचीवर हलकेच झुलत होती. आत चावी होती, आईने बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. बाकीचे लोक चावी वरून फेकतात. नुन्झियाने ती उचलली, पण टोपलीवरचा दुसरा हात तिला सोडवेना. वर अस्सुंताही दोरी ओढत नव्हती. दोरी दोघींच्या मध्ये ताठ उभी राहिली. भाजीवाल्याने नजर वळवली आणि उगाचच वांगी पुसायला घेतली.

"सोड आता टोपली," शेवटी वरून अस्सुंता म्हणाली. "कॉफी उतू चाललीय."