पोचल्याचा फोन

अल्लीपूरच्या बाजारात हिरालालने मसाल्याच्या पोत्यांची तोंडं उघडली, हळदीची रास लावली आणि पुन्हा एकदा खिशातला फोन काढून पाहिला. फोन गप्पच.

"बिघडला का काय बाप्पा? लाव बरं एकदा," तो शेजारच्या कांदेवाल्या गजेंद्रला म्हणाला.

गजेंद्रने लावला. खणखणीत वाजला. म्हणजे फोन धड होता, बिघडलं होतं ते घरी.

मागच्या वर्षी याच रस्त्यावर पुलापाशी त्याचा टेम्पो उलटला. लोकांना सापडेपर्यंत तो नालीत पडून होता. त्याची हाडं जुळली, पण बायकोच्या, प्रमिलाबाईच्या मनात जी भीती बसली ती काही निघेना. टेम्पो गावाच्या, पिपरी मेघेच्या बाहेर पडला की हिचा फोन सुरू. "कुठं पोचले? ट्रक लय हायेत का?" हात थरथरायचे, तव्यावर पोळी जळायची. गोळ्या झाल्या, गंडेदोरे झाले. "अवं, मेलो नाई अजून!" असं हिरालाल भर बाजारात ओरडायचा आणि गिऱ्हाइकं हसायची.

आणि आता महिनाभर एक फोन नाही! दुसरा कोणी असता तर त्याने सुटलो म्हटलं असतं. हिरालाल मात्र संशयाने पोखरून निघाला. एवढी मोठी भीती अशी फुकट जाते काय?

"फोन काऊन नाई केला?" त्याने घरी आल्यावर विचारलं.

"नाई वाटलं भ्या," प्रमिलाबाई म्हणाली, आणि चक्क हसली. "वरण वाढू?"

त्या हसण्यानेच त्याची झोप उडाली. त्यात शेजारच्या शकुंतलाबाईंनी तेल ओतलं. "तुमी बाजाराले गेले का कुलूप लावते ना निघते. कुठं जातं म्हटलं त सांगत नाई."

पुढच्या बाजाराला हिरालालने माल भरला, निघाला आणि नाक्यावरच टेम्पो उभा करून पायी मागे फिरला. स्वतःच्या बायकोच्या पाळतीवर! लाज वाटत होती, पण पाय थांबेनात. प्रमिलाबाई मागच्या गल्लीत वळली आणि कोकिळा नर्सच्या घरात शिरली. दारावर क्रूस, उंबऱ्याशी बायकांच्या चपला.

अच्छा, हे हाय तर! हिरालालच्या डोक्यात सगळं जुळलं. हिला फितवली. उद्या देवघर उठवेल, परवा सोयरे तोंड फिरवतील. दार लाथेने उघडायचं म्हणून त्याने दाराशेजारच्या खिडकीखाली येऊन पाय उचलला, तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला.

"प्रभू, माहा मानूस आता रस्त्यावर हाय. मले इथून ट्रक दिसत नाई, तुले दिसते. फोन करून करून मी त्याले वाचवू नाई शकत. त्याले तुह्या हाती देल्लं. मले धीर दे."

माणूस रस्त्यावर नव्हता. माणूस चोरासारखा खिडकीखाली उभा होता. उचललेला पाय हिरालालने हळूच खाली ठेवला आणि आवाज न करता निघून गेला.

बाजारात पोचेपर्यंत त्याची जागा गेली होती. उन्हात दुकान मांडलं, धंदा यथातथाच झाला. परतताना दिवस कलला होता. पूल दिसला आणि त्याने टेम्पो बाजूला घेतला. स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते. इतके दिवस भिण्याचं काम प्रमिलाबाई करत होती, म्हणून हा बिनघोर गाडी हाकत होता. आता तिने ते ओझं खाली ठेवलं, आणि ते याच्याच मांडीवर येऊन बसलं.

त्याने फोन लावला. "मी पुलापाशी हाय."

"मंग?"

"काही नाई. आपलं सांगितलं."

प्रमिलाबाईने तो आवाज ओळखला. मग म्हणाली, "हात थरथरून राह्यले का तुमचे?"

हिरालालने मोकळा हात खिशात कोंबला.

"गाडी नका हलवू. फोन कानालेच राहू द्या," ती म्हणाली, आणि हलक्या आवाजात, हिरालालचं नाव घेऊन, तिने प्रार्थना सुरू केली.

हिरालालने आरशात पाहिलं, मागून ओळखीचं कोणी येत तर नाही ना. मग त्याने इंजिन बंद केलं.