गॅसवरून थेट ताटात

“आज मंगळवार, आणि तुमच्या घरातून कांदा परतल्याचा वास?” वरच्या मजल्यावरच्या काकू दारातूनच नाक पुढे करत म्हणाल्या. “तुमचा गॅस तर रविवारशिवाय पेटत नाही, सिस्टर!”

“लेक येतेय. तासाभरासाठी. आज तिला गरम वाढणार आहे.”

“म्हणजे इतकी वर्षं काय बर्फ वाढत होतात की काय?” काकू हसत हसत जिना चढून गेल्या.

काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सिस्टर महिन्यापूर्वी इस्पितळातून निवृत्त झाली होती, पण सगळी इमारत अजून तिला सिस्टरच म्हणे. नवरा गेला तेव्हा लेक दहा वर्षांची. ड्यूटी दुपारी एक ते रात्री नऊ. लेक सकाळच्या शाळेतून यायची तेव्हा ही वॉर्डात, आणि ही घरी यायची तेव्हा लेक झोपलेली. मग दर रविवारी सकाळपासून बाह्या सरसावून ओट्याशी उभं राहायचं आणि सहा दिवसांचे सहा डबे भरून फ्रीजरमध्ये रचायचे. झाकणावर इस्पितळातली चिकटपट्टी, आणि तिच्यावर औषधाच्या थाटात सूचना : ‘सोमवार. तीन मिनिटं. ढवळणे. पुन्हा एक मिनिट.’ ‘पाण्याबरोबर घेणे’ एवढंच काय ते लिहायचं राहून जाई.

या कामातही वॉर्डाचीच शिस्त होती. रस्सा गोठताना फुगतो, म्हणून झाकणाखाली बोटभर जागा सोडायची. मीठ हात राखून घालायचं. आणि मुख्य म्हणजे सगळंच जरा कच्चं असताना उतरवायचं, कारण राहिलेलं शिजणं गरम करताना होतं. पूर्ण शिजवून गोठवलं तर तापवल्यावर त्याचा नुसता लगदा. आठ वर्षं हे चाललं, पुढे लेक बाहेरगावी गेल्यावर एकटीसाठीही तेच चालू राहिलं. लेक एक दिवस उपाशी राहिली नाही, हे सिस्टर कुणालाही छाती पुढे काढून सांगे. पण त्या वर्षांत तिला समोर बसवून आपण एकदाही वाढलं नाही, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. रविवारी तरी बसवावं, तर रविवारी हिचे दोन्ही हात कामात आणि लेक तोंडात पाव कोंबून खेळायला पसार.

लेक आता लिफ्ट तपासायच्या नोकरीत होती. पायाला भिंगरी. चौदा महिन्यांनी घरी येत होती, तीही एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाटेत. सिस्टरला फार काही नको होतं. गॅसवरून थेट ताटात वाढायचं आणि ती खाताना बघत बसायचं.

लेक आली, हत्यारांची पिशवी कोपऱ्यात टाकून, हात धुऊन टेबलाशी बसली. सिस्टरने काचेच्या ताटात भात वाढला, त्यावर बटाटा-गाजराचा रस्सा. मस्त वाफा येत होत्या.

“तू नाही बसत?”

“तू जेव गं आधी.” सिस्टर हनुवटीखाली हात घेऊन समोर बसली.

लेकीने घास घेतला. चावला. जरा जास्तच वेळ चावला.

“छान झालंय.”

“खरं सांग.”

“म्हटलं ना, छान झालंय.”

सिस्टरने तिच्याच ताटातली बटाट्याची फोड उचलून तोंडात टाकली. मधोमध कच्ची. गाजर दाताखाली कट्‌कन वाजलं. भातात कणी राहिलेली, मीठ नावाला. डोकं लेकीच्या वाटेकडे लागलेलं असताना हाताने आपलं नेहमीचं काम चोख बजावलं होतं, रविवारच्या हिशोबाने गॅस बंद केला होता. सिस्टरला एकदम रडूच कोसळलं.

“एकदा, एकदा तरी नीट वाढावं म्हटलं गं तुला...”

“ए आई, वेडी आहेस का? थांब.” लेकीने ताट उचलून मायक्रोवेव्हमध्ये सरकवलं आणि न बघताच बटणं दाबली. तीन मिनिटं. ढवळलं. पुन्हा एक मिनिट.

मग ती टेबलाकडे आलीच नाही. ओट्याला टेकून, खिडकीकडे तोंड करून उभ्यानेच खाऊ लागली.

“बसून जेव ना.”

“हं? हो.” पण ती हलली नाही. जरा वेळाने तिच्याच लक्षात आलं. “अगं, सवय. मी इथेच जेवायची. इथून बसस्टॉप दिसतो. तू बसमधून उतरलीस की आधी डावा गुडघा चोळायचीस, मग चालायला लागायचीस. तू दिसलीस की मी ताट विसळून पळत अंथरुणात. नऊला दिवा बंद, असा हुकूम होता ना तुझा!”

“म्हणजे तू झोपलेली नसायचीस?”

“कसली झोप! मोठी झाल्यावरही सोंग करायची. तू येऊन पांघरूण सारखं करायचीस ना, ते हवं असायचं.”

आठ वर्षं सिस्टर चपला हातात घेऊन घरात शिरली होती, पोरीची झोप मोडू नये म्हणून. दारातून नुसती हाक मारली असती, तर दोघी त्या टेबलाशी बसल्या असत्या. त्यातली एक रात्र, एक तरी परत मिळावी, असं तिला फार वाटलं. पण तसं काही मिळत नसतं, आणि लेकीची गाडी चारची होती.

तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं. तापवलं, ढवळलं, पुन्हा तापवलं. टेबलाकडे न जाता ती ओट्याशी आली. लेकीने कोपर आवरून घेत शेजारी जागा करून दिली.

खाली स्टॉपवर एक बस थांबली. दोन माणसं उतरली आणि आपापल्या वाटेने गेली.

“निघायला अजून वीस मिनिटं आहेत,” लेक म्हणाली.

सिस्टरने मान हलवली आणि घास सावकाश चावू लागली.